अल्फेनाबाईंच्या भिंतीतलं भोक

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला वाऱ्याला कुणी पाहुणा मानत नाही, चोर मानतात. आणि अल्फेना थिबोदोच्या घरात तर चोराला शिरायला फटसुद्धा नव्हती. तिचा नवरा ओनियास हयातभर घर बुजवत आला. खिडक्यांवर प्लास्टिक, पायाभोवती गवताचे भारे, आणि उरलेल्या भेगांत स्वतःचे लोकरी मोजे. त्याला पुरताना पायांत घालायला धड जोडी मिळाली नव्हती.

यंदा घर गरम ठेवणारी जुनी भट्टी मेली. जावई रोझेर हीच कामं करायचा, त्यानं तळघरात नवी तेलाची भट्टी बसवली. टाकी जोडली, धुराचा पाइप चढता ठेवून धुराड्यात नेला, झोपायच्या खोलीबाहेर विषारी वायू साठला की वाजणारी घंटा लावली. मग करवत घेऊन तो भिंतीकडे वळला, तर मध्ये सासू.

"माझ्या भिंतीला भोक?"

"भट्टीला बाहेरची हवा लागते, आई. जाळ श्वास घेतो."

"घरात हवा आहे की. मी नाही का घेत?"

"तुम्ही दोघी एकाच हवेवर राहणार, आणि ही तुमच्याहून हावरी आहे."

"मग असली हावरी घरात आणलीस कशाला?"

रोझेरला हसू आलं, पण करवत त्यानं खाली ठेवली नाही. भोक नाही तर भट्टी पेटवायची नाही, हे नक्की. थंडी दारात आली होती. आणि सासूबाई लेकीकडे राहायला येणार नव्हत्या. तिच्या हातचे प्लोय, म्हणजे कुट्टूची घावनं, बुटाच्या तळव्यासारखी होतात असं त्यांचं जाहीर मत होतं.

त्यानं हवा मोजायचं यंत्र काढलं.

"ते तुझंच यंत्र. तुझीच री ओढणार," अल्फेना म्हणाली, आणि वरून मेणबत्ती घेऊन आली. चर्चमध्ये मंतरलेली, वादळात लावायची. "हिला विचार. ही कुणाची मिंधी नाही."

"विचारू." रोझेरनं दारं-खिडक्या लावल्या, वर स्वयंपाकघरात शेगडीवरचा धूर बाहेर फेकणारा पंखा सुरू केला. भट्टी बंदच होती. मेणबत्ती पेटवून लगेच विझवली आणि धुमसती वात त्यानं धुराच्या पाइपात हवा ओढून घेणाऱ्या झडपेशी धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो बाहेर वळला आणि अल्फेनाच्या एप्रनकडे निघाला. ती डावीकडे सरकली. धूरही सरकला. तिनं छातीवर क्रूस काढला.

"मंतरलेली असून जावयाची बाजू घेते!"

"पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. ती भरून काढायला फटच नाही, म्हणून धुराड्यातून उलटी येते. भट्टी पेटली की विषही तसंच येणार. त्याला वास नसतो, आई. तुम्ही झोपेत असाल."

अल्फेना खालच्या पायरीवर बसली. "एकेक फट बुजवली रे त्यानं. मला गार लागू नये म्हणून."

"माहीत आहे." रोझेर शेजारी बसला. "पण तुम्ही गेलात तर मला जन्मभर तुमच्या लेकीचे प्लोय खावे लागतील."

ती हसली नाही. उठून तिनं भिंतीवर बोट ठेवलं. "तिथं नको, जानेवारीत बर्फात गाडलं जाईल. इथं, वर पाड. आणि जाळी लाव. खार शिरली तर मी तिला पोसणार नाही."

भोक पडलं, जाळी लागली, बाहेरच्या हवेचा पाइप भट्टीपर्यंत गेला. पंखा चालू ठेवून मेणबत्तीला पुन्हा विचारलं; या वेळी धूर शहाण्यासारखा झडपेत शिरला. मग रोझेरनं भट्टी पेटवली. धूर धुराड्यातून वर गेला, घंटा गप्प राहिली.

अल्फेना बाहेरच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाशी वाकली. आतून गार झुळूक येत होती.

"आलास?" ती वाऱ्याला म्हणाली. "बूट दारात काढ. सरळ भट्टीकडे जायचं. माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस तर याद राख."

वारा मुकाट्यानं भट्टीकडे गेला.