झाकणाखालचा काळा रंग

हसू नका, मित्रांनो. माझी कडी वाकडी आहे, झाकण कुरकुरते, पण अजूनही माझ्यावर धडधाकट माणूस उभा राहिला तरी मी दबत नाही. मी जुनी लोखंडी ट्रंक आहे. चाकांवर पळणाऱ्या आजकालच्या बॅगांनी माझ्याशी बरोबरी करू नये.

मला मागवले ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईने, आपल्या एकुलत्या एका मुलासाठी. पोराने सैन्यात जायचा ध्यास घेतला होता आणि ती अंथरुणाला खिळली होती. उशीला टेकून तिने माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लहानसा क्रूस काढला. त्याखाली थरथरत्या अक्षरांत आपल्या मनची प्रार्थना लिहिली. पोराची भरती पाहायला काही ती राहिली नाही.

बराकीत नव्या पोरांचे हाल कुत्रा खात नव्हता. पहाटे शिट्टी, मग धावणे, कवायत आणि वर कवायतीच्या उस्तादांचा पट्टा. बाकीचे अंगावरच्या कपड्यांनिशी आडवे व्हायचे. माझा पोरगा मात्र संध्याकाळच्या हजेरीनंतर माझ्यासमोर गुडघे टेकायचा, झाकण उघडायचा आणि आईची प्रार्थना हळू आवाजात वाचायचा. कधी डोळे मिटत असायचे, तरी ओठ हलायचे. मला बाई फार अभिमान वाटायचा.

वरच्या खाटेवर एक दांडगा गडी होता. सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याच्या जिभेला हाड नव्हते. 'पाद्रीबुवा, उद्याची धाव तेवढी माफ करून घ्या देवाकडून,' असे तो रोज चिडवायचा. पोरगा हसायचा. पैलवानाच्या टाचांना फोड आले तेव्हा त्यानेच ते धुऊन पट्ट्या बांधल्या.

मग मोठ्या तपासणीचा हुकूम आला. सगळ्या ट्रंका काळ्या रंगवायच्या होत्या. रविवारी सकाळी पोरगा परवानगी काढून प्रार्थनेला गेला. फोडांची परतफेड करावी म्हणून पैलवानाने त्याच्या वाटणीचे काम अंगावर घेतले. उस्ताद काय, झाकणसुद्धा उघडून बघतील, आतली पांढरी अक्षरे दिसली तर शिक्षा पोरालाच, असे म्हणत त्याने मला आतून-बाहेरून चकाचक काळी केली. मी बोलू शकत असते तर!

पोरगा परतला. त्याने झाकण उघडले आणि तो खालीच बसला.

"माझ्या आईचं अक्षर होतं ते," एवढेच तो म्हणाला.

पैलवानाचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी माझ्याच रंगाला शाबासकी दिली, पण दोघांपैकी एकालाही ती गोड लागली नाही. त्यानंतर पोरगा गुडघे टेकेना. झाकण उघडायचा, मोजे काढायचा, बंद करायचा. आईबरोबर त्याचा देवही त्या काळ्या रंगाखाली गेला की काय, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

एका संध्याकाळी पैलवान खाली उतरला. माझ्याजवळ अवघडून मांडी घालून बसला.

"तुझा देव मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण रोज ऐकून ऐकून पाठ झालंय. चुकलं तर सांग." आणि तो म्हणू लागला, "प्रभू येशू, माझ्या पोराचे पाय दमले तर दमू देत. त्याचं मन मात्र कडू होऊ देऊ नकोस."

एक शब्द चुकला नाही. पोरगा ढसाढसा रडला. मग त्याने गुडघे टेकले आणि दोघांनी मिळून ती पुन्हा म्हटली. त्या दिवशी बराकीत कोणी खिदळले नाही.

आता पोरगा आजोबा झाला आहे. पैलवान सीमेवर गेला, तो परत आला नाही. परवा घर रंगवायला आलेला रंगारी म्हणाला, वरचा काळा थर काढला तर खालची अक्षरे कदाचित दिसतील. आजोबा कितीतरी वेळ झाकणावरून हात फिरवत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "खाली आई आहे, वर माझा मित्र आहे."

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना पुसा, तेल द्या, ओलीपासून जपा. पण विचारल्याशिवाय खरवडू नका.