नापास होडी

निकाल चंद्रहास राऊत घरूनच लावून आले होते. माझ्याकडून त्यांना फक्त कागद हवा होता. कळंबच्या हरेशने आपल्याला कुजकी होडी विकली, तो लबाड आहे, आणि हे कोर्टाने म्हणायला हवं. गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, बोळिंजला राहणारे. एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासून तो पास-नापास करायचं काम केलेलं. वसईच्या कोर्टात वकिली करून मला बावीस वर्षं झाली. फसलेली माणसं चिडतात किंवा रडतात. राऊत मात्र लाजलेले होते. "मला आजवर कुणी गंडवलेलं नाही," हे त्यांनी मला तासाभरात चारदा ऐकवलं. त्यांच्या पत्नी आशालताबाई शेजारी बसून पर्सची चेन उघडझाप करत होत्या.

व्यवहार साधा होता. निवृत्तीनंतर स्वतःच्या होडीतून एकट्याने फिरायचं हे राऊतांचं जुनं वेड. नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांनी किनाऱ्यावरच्या तीन होड्या पाहिल्या. हरेशची होडी नुकतीच रंगवलेली, लाकडी, वरून फायबर चढवलेली. एकदा पुढे जाऊन बघून ये म्हणून त्यांनी बायकोलाही पाठवलं, तिनेही हीच निवडली. मग आशालताबाई भाचीच्या लग्नाला पालघरला गेल्या असताना यांनी होडी पाण्यात लोटली. पाच मिनिटांत घोटाभर पाणी. लोकांनी दोर टाकून ओढून घेतली म्हणून निभावलं. रंग खरवडला तर तळाच्या फळ्या बोटाने उकरता येत होत्या. त्यानंतर राऊतांनी कळंबभर सांगितलं की हरेश फसवतो.

मी त्यांना रस्ते सांगितले. ग्राहक आयोगाचा उपयोग नाही, कारण हरेश काही होड्यांचा व्यापारी नाही, त्याने आपली वापरलेली होडी विकली. पोलिसांत गेलात तर सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागेल, आणि बहुधा दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतील. उरला दिवाणी दावा. दोष ठाऊक असून लपवला हे सिद्ध झालं तर व्यवहार रद्द होऊ शकतो. त्याला तीन वर्षांची मुदत असते. तोवर होडी दुरुस्त करू नका, जाणकाराकडून तपासून लेखी अहवाल घ्या. आणि आधी नोटीस.

"रंग कशाला लावला मग? लपवायलाच ना?" राऊत म्हणाले. मी म्हटलं की पौर्णिमेच्या आधी किनाऱ्यावरची प्रत्येक होडी रंगवतात, तेवढ्यावर न्यायाधीश हलणार नाहीत. त्यांना ते आवडलं नाही. तरी नोटीस गेली.

दहाव्या दिवशी हरेश स्वतःच माझ्या ऑफिसात आला. मी त्याला बजावलं की मी समोरच्या बाजूची वकील आहे, तू तुझा वकील कर, इथे बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरता येईल. वापरा म्हणाला. गावात लोक त्याच्याकडे बघून हसत होते, जावयापर्यंत गोष्ट गेली होती, आणि त्याला एकच सांगायचं होतं.

"मी सांगितलेला. सायबांना नाय, बाईंना. तल कुजलाय, बदलल्याशिवाय पान्यात घालायची नाय. बाई बोलल्या, बरं, मग हीच घेऊ. सायबांना मी सांगते."

मला आधी राग आला तो स्वतःचा. बाईंना मी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांना फोन केला. म्हटलं, माझे अशील तुमचे यजमान आहेत, मला हे त्यांना सांगावंच लागेल, तुम्ही सांगितलंत तर बरं.  उद्या दोघं येतो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं त्याच खुर्च्यांवर बसली. आशालताबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. वर्षभरात राऊतांना दोनदा चक्कर आली होती, एकदा वाडीत आणि एकदा भर बाजारात. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली तर यांनी डॉक्टरच बदलला. होडी घेणारच होते. बाकीच्या दोन होड्या चांगल्या होत्या, यांना घेऊन आत समुद्रात गेल्या असत्या. म्हणून बाईंनी पाण्यात जाणार नाही अशी निवडली. वाटलं, वाडीत माडाखाली ठेवू, हे तिला घासतपुसत बसतील. फळ्यांचं दोन दिवसांनी, तीन दिवसांनी सांगू म्हणता राहून गेलं. लग्नाहून परत येताना बसमध्येच त्यांना फोन आला, यांना दोर टाकून ओढून काढलं म्हणून.

मी कायद्याचं तेवढं सांगितलं. बायकोला तुम्हीच पाठवलंत. तिला सांगितलं म्हणजे तुम्हाला सांगितलं असंच कोर्ट धरेल. दावा संपला.

राऊत बायकोकडे वळले. "एवढी भीती वाटत होती तर मला सांगायचंस."

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही पेपर वर धरायचात."

 मी फाइल बंद करून नोटीस मागे घ्यायचं पत्र लिहायला घेतलं. एका ओळीत उरकणार होते.

"थांबा," राऊत म्हणाले. "नीट लिहा. गावात वाचून दाखवता येईल असं. हरेशने होडीचा दोष आधीच सांगितला होता. मी ऐकलं नाही."

मी म्हटलं, तुम्हाला कुठे सांगितला होता? कळंबभर तुमचं हसं होईल. घरात गैरसमज झाला एवढंच लिहू, त्यातही हरेश सुटतो.

"मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "असंच लिहा. होडीच्या गोष्टीत हिचं नाव नको."

मी तसं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून कारखान्यातल्यासारखा शब्द न् शब्द तपासला, सही केली आणि पेन आशालताबाईंच्या हातात दिलं. खाली साक्षीदार म्हणून बाईंनी सही करावी, असं राऊतांचं म्हणणं होतं. बाईंना पहिल्यांदा सही जमली नाही. मी दुसरी प्रत काढली.