खिडकीचा मालक

नववी 'ब'मध्ये उघडणारी खिडकी एकच, आणि तिला मालक असायचा. जो आधीच्या मालकाला मधल्या सुट्टीत लोळवेल, तो कडीपाशी बसणार! यंदाचा मालक पैलवान. वाऱ्याने त्याला शिंका येत, म्हणून खिडकी बंद. बाकीच्या खिडक्या रंगाऱ्याने रंगानेच चिकटवून टाकलेल्या. साठ पोरं एकमेकांचे उच्छ्वास ओढत बसायची.

सायन्सच्या बाईंनी भिंतीवर एक डबी टांगली होती. हवा कोंदली की तिच्यावरचा आकडा चढायचा. हजाराच्या वर गेला की खिडकी उघडा, असं बाईंनी बजावलेलं. आज आकडा होता अठ्ठावीसशे, आणि वर्ग जिला तिखट म्हणायचा, तिची मामेबहीण बारकी दम्याने छातीवर हात दाबून सूं सूं करत होती.

"पंप ओढलास?" तिखटने विचारलं.

"दोनदा. ताई, बाहेर नको नेऊस. बाई घरी फोन करतील."

आणखी एकदा बारकीला घरी न्यावं लागलं तर मामा तिची शाळाच बंद करणार होता. तिखटच्या डोक्यात तिडीक गेली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली, पण एकही पोर बाहेर गेलं नाही. कुणीतरी दाराला आतून कडी लावली.

"ऊठ तिथून!"

"तुझ्या बापाची खिडकी आहे का गं?" पैलवान हसला.

ते हसू पुरं व्हायच्या आत तिखटने त्याच्या तोंडावर कंपासपेटी हाणली. त्याने तिची वेणी धरून तिला बाकावर आपटलं. ओठ फाटला, तोंडात खारट रक्त आलं. ती त्याच्या मनगटाला कचकचून चावली, तो ओरडला, तसं तिने कपाळच त्याच्या नाकावर घातलं. कट्! भळाभळा रक्त. पैलवान खाली बसला, आणि तिखटने खिडकी धाडकन उघडली.

आकडा हलेना.

बारकीचे ओठ निळसर व्हायला लागले. तिखटने वर पाहिलं. दारावरचा झरोका! समोरच्या संडासाचा वास येतो म्हणून जूनमध्ये तिनेच त्याच्या काचेवर पुठ्ठा ठोकला होता, फटींत जुने पेपर कोंबले होते. आत आलेल्या हवेला जायला वाटच नव्हती. दार उघडावं तर सुट्टीत व्हरांड्यात उभ्या राहणाऱ्या बाईंना बारकी दिसणार.

"खांदा दे."

"आत्ता माझं नाक फोडलंस!"

"खांदा कुठे फोडलाय?"

पैलवानने बारकीकडे पाहिलं आणि तो वाकला. तिखट त्याच्या खांद्यावर चढली, हाताला दप्तराचा पट्टा गुंडाळला आणि ठोसा मारला. एक. दोन. तिसऱ्याला पुठ्ठा, काच, पेपर, सगळं धडाधड बाहेर! कोपरापासून रक्ताची धार पैलवानच्या केसांत गळू लागली. खिडकीतून वारा घुसला आणि वह्यांची पानं फडफडवत झरोक्याबाहेर गेला.

पैलवान शिंकला. भिंत लाल झाली.

बाहेरून बाई दार बडवू लागल्या. कडी काढायला कुणी धजेना. दोन हजार. सतराशे. बारकीचा श्वास हळूहळू लांब होत गेला. शेवटी तीच उठली आणि तिने कडी काढली.

"काय चाललंय इथे!" बाई किंचाळल्या.

"बाई," बारकी एका दमात म्हणाली, "तेराशे झालाय, आणखी उतरतोय."