एकच एरर राहिलाय

केरूचे वडील सकाळी वारले, संगमेश्वरजवळच्या वाडीत. निरोप ऑफिसच्या फोनवर आला तेव्हा नेमकं नवं मशीन अडून बसलं होतं. मिरकरवाड्यातल्या आमच्या बर्फ कारखान्यात आधीचा कॉम्प्युटर डॉसवर चालायचा, हा युनिक्सवर. बिलांचा प्रोग्रॅम बसवायची स्क्रिप्ट केरूने जुन्यावर लिहिलेली. नवं मशीन तिची एकही ओळ मान्य करीना. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, आणि केरूची नोकरी अजून तात्पुरती.

मालक रावजीशेट मोठे देवभोळे. "मशीनची पूजा झालीय. तू शिवायचं नाय, केरू, सुतक हाय तुला," म्हणाले, "पण तेवढं चालू करून दे नि जा." आता याला काय म्हणावं? केरू उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मी आत बसलो. पडद्यावरचं मी वाचायचं, त्याने सांगायचं, मी टाइप करायचं. माझा टायपिंगचा वेग म्हणजे आनंदच.

फाइल कॉपी करायची आज्ञा वेगळी, फोल्डरचा पत्ता लिहायची रीत वेगळी. एक चूक काढली की तिच्यामागे दुसरी उभी. दुपारी केरूच्या धाकट्या भावाचा, धाकूचा, फोन आला. थोरला म्हणून अग्नी केरूने द्यायचा. मयत किती वेळ ठेवायचं?

"येतोच. एकच एरर राहिलाय," केरू म्हणाला.

रावजीशेटांचा मला भयंकर राग आला होता. पण खरं सांगायचं तर पुढे त्यांनाच राहवेना. "ऱ्हाऊ दे रे. उद्घाटन पुढं ढकलू. नोकरी कुठं जात नाय तुझी. जीप घे नि नीघ."

केरू हलला नाही. "एकच राहिलाय, शेट." डोळ्यांत पाणी आणि नजर पडद्यावर. मी खुर्चीवरून उठलो, तर त्याने हात जोडले. "बस रे. एकदाच चालवून बघ." मला वाटतं, पडद्यावरून नजर काढली असती तर बाप गेलाय हे त्याला मानावं लागलं असतं. मी बसलो.

उन्हं कलली तेव्हा स्क्रिप्ट शेवटपर्यंत धावली. मीही जीपमध्ये बसलो. वाडीच्या पाखाडीवर, दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, स्मशानातून परतणारी माणसं भेटली. पुढे धाकू, डोकं भादरलेलं, अंगावरचं धोतर ओलं. आम्हांला पाहून तो थांबला. भांडला नाही. टोमणाही नव्हता त्याच्या आवाजात, खरंच विचारत होता.

"चाललं काय दादा, तुजं मशीन?"

"चाललं," केरू म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसला.