ज्याने लिहिलं, त्यानेच पुसायचं

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही हळहळायला मोकळे. हळहळून झालं की नीट ऐका. हॉस्पिटलच्या मधल्या पॅसेजमध्ये टांगलेला लाकडी फळा आहे मी. एका कोपऱ्याचा टवका उडालाय, चौकट जरा वाकलीय. पण 'आहे' म्हणतोय, 'होतो' म्हणत नाही. ते म्हणायची वेळ बऱ्याच जणांनी माझ्यावर आणून पाहिली.

मला एका सुताराने घडवलं आणि रंगाऱ्याने काळ्या रंगाचे हात दिले. गुळगुळीत फळ्यावर खडू नुसता घसरतो, असं त्या रंगाऱ्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने मला मुद्दाम खरखरीत ठेवलं. तो खरखरीतपणा माझ्या स्वभावातही उतरलाय. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

माझी पहिली नोकरी नर्सिंगच्या वर्गात. तिथे मोठ्या सिस्टर शिकवायच्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, आवाज कधी चढायचा नाही, पण मागच्या बाकावरची कुजबुज त्या नुसत्या मान वळवून बंद करायच्या. त्यांचा एक नियम होता. औषध ज्याने दिलं, त्यानेच तक्त्यावर खूण करायची. आणि फळ्यावर ज्याने लिहिलं, त्यानेच ते पुसायचं. एकदा एका मुलीने चुकीचं लिहिलं आणि मैत्रिणीने तिची लाज राखायला ते झटकन पुसलं. सिस्टरांनी त्या मैत्रिणीला ते सगळं परत लिहायला लावलं. मुली फिदीफिदी हसल्या, पण नियम सगळ्यांच्या अंगात मुरला.

मग रस्त्यापलीकडे नवी इमारत उभी राहिली. सगळं हॉस्पिटल तिकडे हलवायचं, तेही एक दिवससुद्धा बंद न ठेवता. मोठे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, यांनी सगळ्यांना बोलावून आपापलं नियोजन करा असं सांगितलं. सगळ्यांनी केलंही, आपापल्या खोलीत बसून. परिणाम काय? पहिल्याच सकाळी एकुलत्या एका लिफ्टसमोर एक्स-रेचं यंत्र, त्याच्या मागे धुलाईखात्याच्या चादरींचे गाडे आणि त्यामागे स्वयंपाकघराची पातेली. कुणी मागे हटेना. जो तो म्हणे, मला कुणी सांगितलंच नाही.

त्याच दुपारी मोठ्या सिस्टरांनी मला वर्गातून उतरवलं आणि पॅसेजमध्ये टांगलं. चहाला जाणारा प्रत्येक माणूस तिथूनच जायचा, मग तो सर्जन असो नाहीतर झाडूवाल्या मावशी. सिस्टरांनी माझ्यावर रकाने आखले. कोणतं काम, कोण करणार, त्याला काय लागणार आणि कशासाठी अडलंय. तो शेवटचा रकाना म्हणजे खरी मेख. काम झालं नाही हे कबूल करायला माणसाच्या जिवावर येतं, पण कशासाठी अडलंय ते लिहायला कुणाची ना नसते. धुलाईखात्याने लिहिलं, लिफ्टसाठी अडलंय. एक्स-रेवाल्यांनी शेजारी लिहिलं, आमचं दुपारी उरकतं, सकाळ तुम्ही घ्या. मिटलं! चार बैठकांनी जे झालं नाही ते खडूच्या एका तुकड्याने केलं. छाती फुगली होती माझी, उगीच कशाला नाही म्हणू?

सगळ्यांत शेवटी हलवायची होती बाळं. वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढ्या तोंडाची बाळं काचेच्या उबदार पेट्यांत झोपायची. पेट्यांची ऊब विजेवर. वीज गेली तर जनरेटर लागलाच पाहिजे, नाहीतर पेटी गार पडणार. जुन्या इमारतीतला जनरेटर खोकायचा, पण दगा द्यायचा नाही. नव्या इमारतीतला चकचकीत होता, पण त्याचा एक भाग यायचा होता आणि चाचणी व्हायची होती. म्हणून हॉस्पिटलच्या वायरमनने, ज्यांना सगळे बत्तीकाका म्हणत, माझ्यावर ठसठशीत लिहिलं होतं, 'जनरेटर : चाचणी बाकी'. आणि बाळांचा विभाग मोठ्या सिस्टरांकडेच होता, म्हणून बाळांच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, 'जनरेटरसाठी अडलंय'.

माझ्यासमोरच्या बाकावर एक आई बसायची. आतल्या पेट्यांत सगळ्यांत चिमुकली मुलगी तिची होती. ती रोज येता-जाता बत्तीकाकांची ती एकच ओळ वाचायची.

आणि मग साहेबांना घाई झाली. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते आणि बाळांच्या पेट्या नव्या दालनात मांडलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या होत्या. साहेब वाईट नव्हते हो, पण वरून फोनवर फोन येत होते आणि खाली मी उभा होतो. एके दुपारी पॅसेज रिकामा बघून ते माझ्यासमोर आले. खिशातून रुमाल काढला आणि बत्तीकाकांची ओळ पुसली. तिथेच सुबक अक्षरात लिहिलं, 'तयार'.

मित्रांनो, आजवर माझ्यावर हजारदा लिहिलं गेलं, हजारदा पुसलं गेलं, मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र अंगाचा तिळपापड झाला. माझ्या तोंडून खोटं वदवलं होतं. मला हात असते तर तो खडू मी खिडकीबाहेर भिरकावला असता.

थोड्या वेळाने ती आई आली. तिने 'तयार' वाचलं, चेहरा उजळला आणि ती लगबगीने पिशवी भरायला लागली. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डस्टरने पुसलेलं आणि रुमालाने फिस्कटलेलं त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला? त्यांनी आईला पिशवी खाली ठेवायला सांगितली आणि साहेबांना बोलावणं धाडलं. साहेब आले. त्यांच्या काळ्या पँटच्या खिशावर खडूचा पांढरा डाग होता, आणि एव्हाना जमलेल्या सगळ्यांनी तो पाहिला होता.

"साहेब, इथली 'चाचणी बाकी' ही ओळ तुम्ही लिहिली होती का?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही. पण तो भाग आजच येतोय, मी फोन करून खात्री केलीय. उगाच नन्नाचा पाढा कशाला?"

"मग तुम्ही ती पुसली कशी?"

साहेब चिडले. पाहुण्यांना काय तोंड दाखवू, तुम्हाला शिस्त शिकवावी लागेल, असं बरंच काही बोलले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्घाटन करा, फीत कापा, भाषणं करा," त्या म्हणाल्या. "मला कामावरून काढायचं तर काढा. पण बत्तीकाका स्वतःच्या हाताने 'चाचणी बाकी' पुसत नाहीत, तोवर माझं एकही बाळ रस्ता ओलांडणार नाही."

शाब्बास! मी तोंड उघडू शकत नव्हतो, पण भिंतीवर ताठ उभा होतो. सिस्टरांनी बत्तीकाकांना बोलावलं आणि त्यांनी तीच ओळ साहेबांच्या 'तयार'च्या खाली पुन्हा लिहिली, पहिल्यापेक्षा मोठी.

फीत कापली गेली. पाहुण्यांनी रिकामं दालन पाहिलं आणि छान आहे म्हणाले. नंतर तो भाग आला, बसवला, चाचणी झाली. नवा जनरेटर सुरू झाला, घरघरला आणि त्याने मान टाकली. आत दुसराच काही दोष होता. तो काढायला कारागीर आले, पुन्हा चाचणी झाली, आणि तेव्हा कुठे बत्तीकाकांनी डस्टर उचलला.

मात्र त्याआधी, जनरेटरने मान टाकली त्याच संध्याकाळी, साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. 'तयार' अजून तसंच होतं, कारण ते दुसरं कोण पुसणार? साहेबांचा हात रुमालाकडे गेला, थांबला. मग त्यांनी डस्टर घेतला आणि आपलं अक्षर आपल्या हाताने पुसलं. त्या दिवसापासून मला त्यांचा राग नाही.

बाळं हलली तेव्हा ती आई पेटीच्या कडेला हात लावून चालत रस्ता ओलांडून गेली. काहीच झालं नाही. ना वर्तमानपत्रात नाव, ना हारतुरे. माझ्या कामाचं बक्षीस हेच असतं, काहीच होत नाही. म्हणूनच आम्हाला लोक लवकर विसरतात.

मीही नव्या इमारतीत आलो, सगळ्यांत शेवटच्या हातगाडीवरून. पुढे माझ्याशेजारी कॉम्प्युटरचा चकचकीत पडदा लागला. लागू दे, मी काही जळकुकडा नाही. पण त्याच्यावर कुणीही बोट लावतं आणि 'बाकी'चा लाल ठिपका 'तयार'चा हिरवा होतो. कुणी लावलं ते कुणाला कळत नाही. हे मला मान्य नाही आणि ते मी ठणकावून सांगणार.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांनी माझ्यावर एक ओळ लिहिली आणि घरी गेल्या. पुढे मला भंगारात काढायचा हुकूम निघाला. एक नवा सुतार पेचकस घेऊन आला. त्याने ती ओळ वाचली, 'हा फळा इथून हलवायचा नाही'.

"हे कुणी लिहिलंय? पुसू का?" त्याने विचारलं.

पिकल्या केसांचे बत्तीकाका शेजारी दिवा बदलत होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "ज्याने लिहिलं, त्यानेच पुसायचं. जा, सिस्टरांना घेऊन ये."

सुतार गेला, तो परत आला नाही.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या अशी विनवणी मी करणार नाही. दुसऱ्याने 'बाकी' लिहिलं असेल तर ते आपल्या सोयीसाठी पुसू नका, एवढंच बजावतो. परवाच मोठ्या सिस्टर डोळे तपासायला इथे आल्या होत्या. कुणीतरी गमतीने त्यांच्या हातात डस्टर दिला. त्यांनी आपली ओळ वाचली, पदराने चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचली आणि डस्टर माझ्या चौकटीवर ठेवून त्या निघून गेल्या.