एकोणिसावी केस

वैभवीने न विचारता ओट्यावरचं डावीकडचं कपाट उघडलं आणि साखरेचा डबा काढला. मला त्या घरात साखर अजून सापडत नव्हती. वर्षभरात बाबांनी सगळे डबे हलवले होते. मी केंब्रिजहून महिन्यातून एकदा येणारी. लंडनमधल्या क्रॉयडनच्या या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी येणारी ती होती.

"ताई, तुम्ही बिनसाखरेचा घेता ना? सर सांगायचे."

"आणखी काय काय सांगायचे?"

तिने मान खाली घालून साखरेचा डबा बंद केला. मला तेच हवं होतं.

माझे बाबा छत्तीस वर्षं इथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. वैभवी नागपूरची, त्यांच्याच जुन्या दवाखान्यात नर्स. एकदा त्यांचं रक्त काढताना ओळख झाली. तिला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं होतं, म्हणजे पेशंट स्वतः तपासायचा, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं. त्या प्रॅक्टिकल परीक्षेची तयारी बाबा करून घेऊ लागले. दहा मिनिटांची केस, टेबलावर टायमर. पेशंटही बाबाच आणि परीक्षकही बाबाच. मग फोनवर मला तिचं कौतुक. "आज तिने थायरॉइड पकडला, आसावरी. दोन प्रश्नांत!" माझा लेख छापून आला तेव्हा ते "छान" म्हणाले होते. एवढंच.

बाबा जाऊन पाच आठवडे झाले होते. वैभवीची परीक्षा मंगळवारी होती, आणि ती फाइल न्यायला आली होती. प्रत्येक केसचा एक कागद, बाबांच्या अक्षरात, वर नंबर, खाली मार्क. एकूण चोवीस.

ती यायच्या आधी, सकाळी, मी फाइल वाचून काढली. खरं सांगायचं तर तिची किती स्तुती केली आहे ते बघायला. एकोणिसाव्या कागदावर थांबले.

'वय ७७, निवृत्त. जिना चढताना धाप लागते. छाती दाटते. ट्रॅमच्या स्टॉपवर एकदा शुद्ध हरपून पडला, गुडघा फुटला.'

तो गुडघा मी पाहिला होता. ऑक्टोबरात. ओल्या पानांवरून पाय घसरला, असं मला सांगितलं होतं. शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाची झडप अरुंद झाल्याचं लिहिलं होतं, आणि कागदावरचं निदानही तेच होतं. मी तो कागद काढून पर्समध्ये ठेवला.

वैभवीने चहा बाजूला ठेवून कागद मोजले.

"ताई, एकोणीस नाहीये."

"नसेल."

"असं कसं? अठरापैकी अठरा होते मला त्यात! सर पूर्ण मार्क देतच नसत. काहीच सापडलं नाही तर म्हणायचे, 'मॅडम, पेशंट अजून दारात उभा आहे, त्याला बसा तरी म्हणा,' आणि एक कापायचे." ती हसली.

त्या हसण्याने माझा तोल गेला. मी कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

"ही केस खरी होती."

"म्हणजे?"

"सगळ्यांना मी नुसतं 'हार्ट' एवढंच सांगितलं. झडप होती. तू ओळखलीस तीच."

तिने कागद वाचला, परत वरपासून वाचला. तिचा चेहरा उतरत गेला. मला थोडं बरं वाटलं. हे लिहू नये, पण वाटलं.

"मी स्टेथोस्कोप लावायला पुढे झाले होते," ती म्हणाली. "सर म्हणाले, 'हात खाली. तपासणीत काय मिळालं ते परीक्षक सांगतो.' मग झडपेचा तो आवाज, मर्मर, कुठे ऐकू येते, मानेपर्यंत कशी जाते, सगळं त्यांनीच तोंडी सांगितलं. मी म्हटलं, तातडीने हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवते. ते म्हणाले, 'गुड. वेळ संपली.'"

कागदाच्या तळाशी एक ओळ होती. 'काय भीती वाटते ते विचारलं: २ पैकी २.' उत्तर कुठेच लिहिलं नव्हतं. सकाळपासून मला तेवढंच हवं होतं, आणि ते या मुलीपाशी होतं.

"काय म्हणाले ते?"

"ताई, ते पेशंट म्हणून बोलत होते..."

"सांग."

"म्हणाले, 'एकुलती एक मुलगी आहे. बायको आजारी होती तेव्हा तीन वर्षं दर शुक्रवारी ट्रेन पकडून आली. हे कळलं तर परत बॅग भरेल. ऑपरेशनची नाही, मला त्या बॅगेची भीती वाटते.' मला वाटलं, सर काय सुंदर रंगवताहेत! मी म्हटलं, तिला सांगून तर बघा, ठरवू दे तिला. ते हसले. म्हणाले, 'या वाक्याला वेगळे मार्क नाहीत.'"

रोज संध्याकाळी मी फोन करून विचारायचे, "बाबा, बरे आहात ना?" त्या प्रश्नाला 'हो' सोडून काय म्हणणार? हिने विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते. दोन मार्कांसाठी का होईना, विचारलं. आणि त्यांनी सांगून टाकलं. माझ्याबद्दलचं होतं, पण मला ते दुसरीच्या तोंडून ऐकावं लागत होतं.

वैभवीने फाइल मिटली. "मी नाही बसणार मंगळवारी. खरा पेशंट समोर होता आणि मला कळलं नाही. मी कशाला पेशंट बघू?"

मी काही बोलले नसते तर ती खरोखरच बसली नसती. तिने फाइल टेबलावर ठेवली, कोट घातला, बेल्टचं बक्कल लावायला लागली.

"त्यांना तुझ्याआधी माहीत होतं," मी म्हटलं. "स्वतःचं निदान करून, पुढे काय करायचं नाही तेही ठरवून ते तुझ्यासमोर बसले होते. त्यांना इलाज नको होता. फक्त कुणीतरी विचारणारं हवं होतं."

"तुम्ही रागावलाय माझ्यावर."

"हो."

"मग थांबवताय कशाला?"

"राग आहेच. तो मंगळवारपर्यंत जाणार नाही. तरी तू जा."

तिने डोळे पुसले आणि फाइल उचलली. एकोणिसावा कागद हळूच माझ्या बाजूला सरकवला.

"हा तुमच्याकडे राहू दे, ताई."

तिला तो मंगळवारी उपयोगी पडला असता. मी नको म्हटलं नाही.