चष्म्यातलं तळं

मास्तरांच्या तोंडात नळी होती, त्यामुळे बोलणं बंद. अतिदक्षता विभागात त्यांना दिवस कळेना, रात्र कळेना. सारखे नळ्या उपटायला बघायचे, म्हणून हात पलंगाला बांधलेले. शिवणकामाचे ते हात तसे त्यांच्या बायकोला, बाईंना, बघवायचे नाहीत. जन्मभर दुकानात मास्तर मशीनवर आणि बाई समोर काजं-बटणं करत बसलेल्या.

एकदा भेटीच्या वेळी त्या आत गेल्या, तर मास्तरांच्या डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा.

"घाबरू नका काकू," सिस्टर म्हणाली. "यात त्यांना तळं दिसतं, झाडं दिसतात. जिवाला जरा शांत वाटतं. बघा, आज हातही सोडलेत."

खरंच, कपाळावरची आठी गेली होती. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मास्तरांनी तो हलकेच सोडवून घेतला आणि समोर कुणाला तरी बोटांनी जवळ बोलावलं.

पुढे रोज तेच. चष्मा असला की मास्तर सुखात, काढला की तळमळ. त्यामुळे 'काढा तो' म्हणायला बाईंची जीभ रेटेना. स्टुलावर परक्यासारख्या बसायच्या आणि वेळ संपली की उठायच्या.

शेवटी न राहवून त्या म्हणाल्या, "सिस्टर, मला दाखवता का जरा? बोलावतात तरी कुणाला, बघते."

सिस्टरने चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. तळं होतं. गवत वाऱ्यावर हलत होतं. लांबून एक कुत्रं धावत आलं आणि शेपूट हलवत समोर बसलं. बाईंची बोटं आपसूक पुढे गेली. हाताला काहीच लागलं नाही.

"अगं बाई! मला वाटलं सवत, निघालं कुत्रं!"

दोघी हसल्या. पण बाईंनी चष्मा लगेच काढला नाही. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. त्या काठावर माणूस म्हणून कुणी नव्हतं.

मास्तर सावरले. नळी निघाली, साध्या वॉर्डात आले. आवाज घोगरा झाला होता.

"अहो, त्या तळ्यावर बरं वाटायचं का?" बाईंनी विचारलं.

"कुठलं तळं?"

"चष्म्यातलं. ते कुत्रं यायचं बघा..."

मास्तर गोंधळले. "काहीच आठवत नाही गं. दुकानात चक्कर आली, तेवढं आठवतं. मग एकदम हा पलंग. तू होतीस का तेव्हा?"

"होते की. रोज."

"मग बरं झालं," म्हणत त्यांनी कूस बदलली आणि त्यांचा डोळा लागला.

बाईंनी पांघरूण सारखं केलं. ते दिवस दोघांनी मिळून काढले, असं त्या धरून चालल्या होत्या. बाहेर बाकावर येऊन बसल्या, तर शेजारी एक अनोळखी बाई होती.

"तुमचं पेशंट कसं आहे?" तिने विचारलं.

"आता बरे आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग चक्कर आली तिथपासून सगळं सांगायला लागल्या.